ओळींची फेरमांडणी

लेखनकला मनुष्यास साध्य झाली त्या दिवसापासून एक कंटाळवाणें परंतु अटळ काम त्याच्या मागें लागलें आहे. तें काम म्हणजे एका क्रमानें लिहिलेला मजकूर दुसऱ्या क्रमानें पुन्हां लिहून काढणें. जामनेरसारख्या पेठेच्या गांवीं एखाद्या जुन्या दुकानाची वही उघडून पाहिली, म्हणजे ह्याचा प्रत्यय येतो. रोजकीर्दींत दिवस पुढें असतो आणि माणूस मागें: अमुक मितीस, अमक्याच्या नांवें, इतके रुपये. हीच ओळ खतावणींत उतरली कीं माणूस पुढें येतो आणि दिवस मागें जातो. मिती बदलत नाहीं, नांव बदलत नाहीं, रक्कम तर एका पैशानेंहि बदलत नाहीं. बदलते ती केवळ जागा. परंतु ह्या जागेच्या बदलांतच सारें मर्म आहे. कीर्दीवरून दिवसाचा हिशेब कळतो, खतावणीवरून माणसाचा. आणि कोणाकडे किती येणें आहे हें मालकास खतावणीच सांगते.

सरकारी दप्तरांतहि हाच न्याय दिसतो. गांव नमुना सातमध्यें जमिनीचा गट पुढें असतो आणि त्या गटाचे खातेदार मागून येतात. आठ-अ मध्यें ह्याच्या उलट, खातेदार पुढें आणि त्याच्या खात्यावरील गट मागें. दोन्हींकडील हकीकत एकच, मांडणी निराळी. शेतकरी पीककर्जासाठीं निघाला म्हणजे त्यास दोन्ही उतारे बरोबर घ्यावे लागतात, आणि दोन्हींचा मेळ बसला नाहीं तर त्याचें काम अडतें. फेरमांडणी हें कारकुनी काम म्हणून हलकें लेखण्याची चाल आहे. पण एका कागदावरील ओळ दुसऱ्या कागदावर उतरली नाहीं, तर त्या ओळीबरोबर कोणाची तरी जमीन, कोणाचें तरी येणें किंवा कोणाचें तरी नांव मागें राहतें.

यंत्रें येण्यापूर्वीं हें काम हातानें होत असे, आणि तें किती मोठें असूं शके ह्याचें उदाहरण मराठी शब्दकोशांच्या इतिहासांत आहे. जेम्स मोल्सवर्थ ह्यांनीं जॉर्ज व टॉमस ह्या कँडी बंधूंच्या आणि अनेक शास्त्रीमंडळींच्या साहाय्यानें सिद्ध केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं छापला गेला. त्यांत सुमारें ४०,००० शब्द होते. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तींत ते सुमारें ६०,००० झाले. शब्द कानावर येतात ते बाजाराच्या, शेताच्या, माजघराच्या क्रमानें. कोशांत ते बसवावे लागतात वर्णक्रमानें. पुढें १९३२ ते १९३८ ह्या काळांत दाते व कर्वे ह्यांनीं महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग प्रसिद्ध केले, त्यांतहि हेंच दिव्य होतें. अशा कामाची सर्वत्र रूढ असलेली रीत चिठ्ठ्यांची: एका चिठ्ठीवर एक शब्द लिहावयाचा, चिठ्ठ्या लावावयाच्या, आणि मग नक्कल करावयाची. चिठ्ठी हरवली कीं शब्द हरवला. आणि हरवलेल्या चिठ्ठीचें वाईट हेंच कीं, ती हरवली आहे हें ती स्वतः सांगत नाहीं.

हें काम संगणकास सांगावयाचें झाल्यास पहिली अडचण निराळीच येते. ओळींत नांव कोणतें आणि मिती कोणती, हें मुनिमास पाहतांक्षणीं कळतें. संगणकाच्या लेखीं मात्र ओळ म्हणजे एकापुढें एक ठेवलेलीं चिन्हें; त्यांत माणूस नाहीं, दिवस नाहीं, रुपयाहि नाहीं. त्याला अर्थ सांगून उपयोग नाहीं, आकार सांगितला पाहिजे. 'ओळीच्या आरंभीं एक शब्द, मग मोकळी जागा, मग दुसरा शब्द' अशा प्रकारचें आकाराचें नेमकें वर्णन म्हणजे साचा. इंग्रजींत ह्या साच्यांना रेग्युलर एक्सप्रेशन असें नांव आहे, आणि संगणकावर मजकूर लिहिण्याच्या व सुधारण्याच्या ज्या साधनास टेक्स्ट एडिटर म्हणतात, त्यांत ह्या साच्यांच्या साहाय्यानें हजारों ओळी क्षणार्धांत हलवितां येतात.

नांव परकें असलें तरी कल्पना मराठी वाचकास परकी नाहीं. वृत्तें शिकलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यानें ती हाताळलेली असते. भुजंगप्रयाताचें लक्षण सांगतांना आपण त्यांतील शब्द सांगत नाहीं. एक लघु, दोन गुरु असा 'य' गण चार वेळां, एवढेंच सांगतों. हें लक्षण ज्या ज्या चरणास लागू पडेल तो भुजंगप्रयाताचा चरण, मग त्यांत देवाची स्तुति असो कीं पावसाचें वर्णन असो. अनुष्टुभाचें लक्षण आणखी बोधप्रद आहे. तेथें पांचवें अक्षर लघु आणि सहावें गुरु अशी अट असते. आरंभीच्या अक्षरांना मात्र बरीच मोकळीक असते. म्हणजे साच्यांत कांहीं जागा नेमलेल्या आणि कांहीं जागा 'येथें कोणतेंहि चालेल' अशा मोकळ्या ठेवतां येतात. ओवींत तर अक्षरसंख्येचें बंधनच शिथिल. यमक साधेपर्यंत चरण हवा तितका लांबवावा. नेमलेलें अक्षर, कोणतेंहि अक्षर, आणि हवीं तितकीं अक्षरें, ह्या तीन गोष्टी ज्यास कळल्या, त्यास रेग्युलर एक्सप्रेशनचा मुख्य भाग कळला.

ओळखणें हा झाला अर्धा भाग. बदलणें हा दुसरा. त्याचेंहि शास्त्र आपल्याकडे फार पूर्वीं झालें. 'इति' आणि 'आदि' मिळून 'इत्यादि' होतें, हा यण् संधि शाळेंत सर्वांनीं घोकलेला असतो. पाणिनीनें त्याचा नियम सांगतांना तीन गोष्टी तीन विभक्तींनीं वेगळ्या दाखविल्या: ज्याच्या जागीं बदल व्हावयाचा तें षष्ठींत, जें त्याच्या जागीं यावयाचें तें प्रथमेंत, आणि ज्याच्यापूर्वीं असतां हा बदल घडतो तें सप्तमींत. काय काढावें, काय घालावें आणि पुढें काय असतां घालावें, ह्या तीन प्रश्नांचीं उत्तरें दिल्यावांचून आजचा संगणकहि मजकुरांत बदल करीत नाहीं. ह्यावरून आधुनिक साचे पाणिनीपासून निघाले असें मात्र म्हणतां येत नाहीं. त्यांचा उगम अगदीं निराळ्या ठिकाणीं आहे.

१९४३ सालीं अमेरिकेंत मॅक्कलक व पिट्स ह्या दोघांनीं मेंदूंतील मज्जातंतूंच्या जाळ्याचें एक गणिती चित्र रेखाटलें. असें जाळें कोणत्या प्रकारच्या घटनामालिका ओळखूं शकेल, ह्या प्रश्नाचा विचार स्टीफन क्लेनी ह्या गणितज्ञानें १९५१ सालीं केला. त्याचा निबंध १९५६ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यानें दाखविलें कीं, अशा मालिका तीन क्रियांनीं वर्णितां येतात: एकामागून एक येणें, ह्यांपैकीं एक येणें, आणि तेंच शून्य वेळां किंवा कितीहि वेळां येणें. ह्या तिसऱ्या क्रियेसाठीं त्यानें तारकाचिन्ह वापरलें, आणि तें चिन्ह आजतागाईत चालू आहे. मेंदूच्या अभ्यासांत जन्मलेली ही कल्पना पुढें बारा वर्षांनीं कारकुनाच्या मेजावर येणार होती, ह्याची त्यावेळीं कोणास कल्पना नव्हती.

ती मेजावर आणली केन टॉम्सन ह्यानें. अमेरिकेंतील बेल लॅबोरेटरीजमध्यें काम करीत असतां त्यानें १९६८ सालीं एक छोटा लेख प्रसिद्ध करून, असा साचा संगणकाकडून झपाट्यानें कसा शोधवून घ्यावा ह्याची रीत सांगितली. मग त्यानें ती युनिक्स ह्या यंत्रणेच्या 'एड' नांवाच्या टेक्स्ट एडिटरमध्यें बसविली. तेथें टिंबाचा अर्थ 'कोणतेंहि एक चिन्ह' असा होतो. तारकेचा अर्थ 'मागचें चिन्ह हवें तितक्या वेळां'. टोपीसारख्या चिन्हाचा अर्थ ओळीचा आरंभ, आणि डॉलरच्या चिन्हाचा अर्थ ओळीचा शेवट. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर मोठमोठीं कामें होऊं लागलीं.

ह्याच घराण्यांतील 'ग्रेप' ह्या साधनाच्या जन्माची हकीकत मनोरंजक आहे. बेल लॅबोरेटरीजमधील ली मॅकमाहन ह्यास अमेरिकन राज्यघटनेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या 'फेडरॅलिस्ट' नामक ८५ निबंधांचा अभ्यास करावयाचा होता. त्यांतील कांहीं निबंध कोणी लिहिले ह्याविषयीं वाद होता, आणि शब्दयोजनेवरून तो सुटतो का, हें त्यास पाहावयाचें होतें. परंतु तेवढा मजकूर त्याकाळच्या एडिटरच्या पोटांत मावेना. तेव्हां टॉम्सननें एडिटरमधील साचा शोधणारा भाग काढून त्याचें स्वतंत्र साधन केलें. त्यास एका वेळीं एकच ओळ पाहावी लागे, म्हणून मजकूर कितीहि मोठा असला तरी हरकत नसे. १९७३ पासून तें युनिक्समध्यें आहे. पुढें मॅकमाहननेंच त्याच धर्तीवर, ओळी वाहत्या असतांनाच त्यांत बदल करणारें 'सेड' हें साधन निर्माण केलें. १९७६ सालीं बिल जॉय ह्यानें 'व्ही-आय' हा एडिटर लिहिला, आणि १९९१ मध्यें ब्राम मोलेनार ह्या डच गृहस्थानें त्याची 'व्हिम' ही सुधारलेली आवृत्ति प्रसिद्ध केली. ह्या सर्वांत साच्यांची भाषा थोड्या फरकानें तीच आहे.

आतां प्रत्यक्ष फेरमांडणी कशी होते तें पाहूं. खानदेशाशीं संबंध असलेल्या तीन व्यक्तींचीं नांवें एकाखालीं एक लिहिलीं आहेत अशी कल्पना करावी: त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे धरणगांवीं जन्मलेले बालकवि, पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे अमळनेरच्या शाळेंत शिकविणारे साने गुरुजी, आणि बहिणाबाई नथूजी चौधरी, म्हणजे असोद्याच्या कवयित्री. हीं नांवें आडनांव पुढें घेऊन लिहावयाचीं आहेत. एडिटरला साचा द्यावयाचा तो असा: ओळीच्या आरंभापासून एक शब्द, मोकळी जागा, दुसरा शब्द, मोकळी जागा, तिसरा शब्द, आणि तेथें ओळ संपलेली. प्रत्येक शब्दाभोंवतीं कंस घालावयाचा. कंसांत जें सांपडेल तें एडिटर पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक देऊन ध्यानांत ठेवतो. मग आज्ञा करावयाची कीं, तिसरा पुढें, मग पहिला, मग दुसरा. झालें. ठोमरे त्र्यंबक बापूजी, साने पांडुरंग सदाशिव, चौधरी बहिणाबाई नथूजी. ओळी वर्णक्रमानें लावण्याची आज्ञा त्यावर दिली कीं चौधरी वर येतात, ठोमरे मध्यें आणि साने खालीं. तीन ओळींना जितका वेळ लागतो, जवळजवळ तितकाच तीन हजारांना.

ही झाली ओळीच्या आंतील फेरमांडणी. सबंध ओळ उचलून दुसरीकडे नेण्याचीहि सोय आहे. पाचोऱ्याहून जामनेरला अरुंद रुळांवरून जी लहान गाडी अनेक वर्षें धावत असे, तिच्या वाटेवरील चार ठिकाणें घ्यावींत: पाचोरा, शेंदुर्णी, पहूर, जामनेर. गाडीच्या वेळापत्रकांत हा क्रम योग्य आहे. वर्णक्रमानें लावल्यास तो जामनेर, पहूर, पाचोरा, शेंदुर्णी असा होईल, आणि यादी शोधावयास सोपी पण प्रवासास निरुपयोगी ठरेल. परतीच्या गाडीसाठीं मात्र हीच यादी उलटी हवी. त्यासाठीं 'एड'मध्यें एक सुंदर युक्ति आहे. प्रत्येक ओळीला आरंभ हा असतोच, म्हणून 'जिला आरंभ आहे अशी प्रत्येक ओळ शून्याव्या ओळीनंतर ने' अशी आज्ञा करावयाची. पाचोरा आरंभींच असतो, तो तेथेंच राहतो. मग शेंदुर्णी त्याच्या डोक्यावर जाऊन बसते, तिच्यावर पहूर, त्यावर जामनेर. गंजिफांच्या कटांतील वरचें पान काढून दुसऱ्या ढिगावर टाकीत गेलें म्हणजे सारा कट जसा उलटतो, तसा हा प्रकार आहे. ह्यांत एक सूक्ष्म काळजी घेतलेली आहे. एडिटर आधीं एकदां सर्व ओळींवरून फिरून जुळणाऱ्या ओळींवर खूण करितो, आणि मग खुणेच्या ओळी एकेक हलवितो. त्यानें खूण न करितां वाटेंतच हलवाहलव आरंभिली असती, तर हलविलेली ओळ पुन्हां समोर येऊन घोटाळा झाला असता. ह्याच आज्ञेंत थोडा फरक करून, ज्या गांवांच्या अखेरीस 'खुर्द' असेल त्या सर्व ओळी यादीच्या शेवटीं एकत्र नेतां येतात, आणि त्यांचा आपसांतील क्रम मोडत नाहीं.

परंतु ही यंत्रणा रोमन लिपीच्या देशांत वाढली, आणि देवनागरीशीं तिची गांठ पडतांच कांहीं जुन्या प्रश्नांना नवें तोंड फुटलें. १९९१ सालीं जगांतील लिप्यांना समान संकेतांक देणारी युनिकोड ही पद्धति प्रसिद्ध झाली. तींत व्यंजन निराळें, मात्रा निराळी आणि हलन्ताचें चिन्हहि निराळें धरलें आहे. 'जामनेर' हा शब्द मराठी माणसाच्या कानाला चार अक्षरांचा आहे. संगणकाच्या गणतींत काना आणि मात्रा मिळून तीं सहा चिन्हें होतात. 'क्षेत्र' हीं आपलीं दोन अक्षरें. संगणकाकडे तीं सात. म्हणून टिंबानें 'कोणतेंहि एक अक्षर' मागितलें, तर पुष्कळ साधनांत 'जा' हें अक्षर न येतां काना गमावलेला 'ज' हातीं येतो. 'शब्दांतील अक्षर' ह्या संज्ञेंत मात्रांचा समावेश न करणारींहि साधनें आहेत. तीं 'जामनेर'चे 'ज', 'मन' आणि 'र' असे तीन तुकडे करितात. गांवाचें नांव गेलें आणि मन तेवढें राहिलें, अशी ही गंमत आहे. पण यादी हजार गांवांची असेल तर ती गंमत राहत नाहीं.

वर्णक्रमाचाहि प्रश्न आहे. शाळेंतील मुळाक्षरांत ळ हा ह नंतर येतो, आणि क्ष व ज्ञ त्याच्याहि नंतर. युनिकोडच्या क्रमांकांत ळ हा ल ला लागून बसविलेला आहे, आणि क्ष व ज्ञ हीं स्वतंत्र अक्षरें नसून जोडाक्षरें आहेत. नुसत्या क्रमांकांवर विसंबून ओळी लावल्या तर 'पळासखेडे' हें 'पहूर'च्या आधीं येईल. शाळेच्या क्रमानें 'पहूर' आधीं आलें पाहिजे. प्रत्येक भाषेच्या रूढीप्रमाणें क्रम ठरविण्याची सोय आतां उपलब्ध आहे, पण ती मागावी लागते. न मागतां जो क्रम मिळतो तो मराठीचा नव्हे, यंत्राचा होय.

तिसरी अडचण दिसावयास क्षुल्लक आहे. खानदेशांतील गांवांच्या याद्यांत 'बुद्रुक' असें पूर्ण न लिहितां 'बु.' आणि 'खुर्द' ऐवजीं 'खु.' असें टिंब देऊन लिहितात. साच्यांत टिंबाचा अर्थ 'कोणतेंहि चिन्ह' असा असल्यानें 'बु.' ह्या साच्यांत 'बुद्रुक'मधला 'बुद' हा तुकडाहि सांपडतो, आणि 'बुधवार'मधला 'बुध'हि. खरें टिंबच पाहिजे असेल तर त्याच्या आधीं एक उलटी तिरपी रेघ देऊन, 'येथें टिंब म्हणजे टिंबच' असें बजावावें लागतें. यंत्र अर्थ जाणत नाहीं ह्याचा अनुभव येथें पदोपदीं येतो.

ह्या सर्व अडचणी तांत्रिक आहेत आणि त्यांवर तांत्रिक उपाय आहेत. खरी अडचण माणसांची आहे. वर नांवांचा जो साचा दिला, तो नांव, वडिलांचें किंवा पतीचें नांव, आणि आडनांव अशा तीन शब्दांवर उभा आहे. परंतु जामनेरची किंवा खानदेशांतील कोणत्याहि तालुक्याची नांवांची यादी घेतली, तर सर्व नांवें तीन शब्दांचीं नसतात. 'शेख अमुक शेख तमुक' अशा धाटणीचीं चार शब्दांचीं मुसलमानी नांवें तेथें आहेत. एकाच शब्दाचीं नांवेंहि असतात. तापीकांठच्या मेहूणशीं जिचें नांव जोडलेलें आहे, त्या मुक्ताबाईला आडनांव लावून हांक मारण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. अशा ओळींचें काय होतें?

त्याचें उत्तर साचा कसा घातला ह्यावर अवलंबून आहे. घाईनें 'कांहींहि, मोकळी जागा, कांहींहि, मोकळी जागा, कांहींहि' असा सैल साचा दिला, तर चार शब्दांचें नांवहि त्यांत बसतें. पण भलतेंच बसतें. तारकेचा स्वभाव अधाशी आहे. ती पुढच्यासाठीं जेमतेम जागा ठेवून जितकें घेतां येईल तितकें घेते. 'शेख अमुक' हे दोन्ही शब्द मिळून पहिला भाग होतो, 'शेख' हा दुसरा आणि 'तमुक' हा तिसरा. आज्ञेप्रमाणें तिसरा पुढें येतो, आणि 'तमुक शेख अमुक शेख' अशी ओळ तयार होते. बापाचें नांव आडनांवाच्या जागीं गेलें, मुलाचें नांव मध्यें अडकलें, आणि ओळ वर्णक्रमांत भलत्याच ठिकाणीं जाऊन बसली. तिच्याकडे पाहून कोणास संशय येणार नाहीं, कारण ती नीटनेटकी दिसते. तो गृहस्थ कचेरींत येऊन आपलें नांव शोधूं लागेल, आणि तें यादींत असूनहि सांपडणार नाहीं.

ह्याच्या उलट, 'मोकळी जागा नसलेला एक शब्द' असा घट्ट साचा तीन वेळां देऊन आरंभ आणि शेवट दोन्ही बांधून टाकले, तर चार शब्दांची ओळ त्यांत बसतच नाहीं. एडिटर तिला हात लावीत नाहीं. ती जशीच्या तशी राहते. मुक्ताबाईचीहि तशीच राहते. वरवर पाहतां हा साच्याचा दोष वाटतो. वास्तविक हा त्याचा गुण होय. चुकीच्या जागीं गेलेली ओळ शोधून काढणें कठीण. न हललेली ओळ शोधणें सोपें. त्यासाठीं 'एड'मध्यें आरंभापासून एक आज्ञा आहे. पहिली आज्ञा साच्यांत बसणाऱ्या ओळींवर चालते. ही दुसरी आज्ञा साच्यांत न बसणाऱ्या ओळींवर चालते. ती दिली कीं ज्या ज्या ओळींस साच्यांत जागा मिळाली नाहीं, त्या सर्व समोर येऊन उभ्या राहतात. मग त्यांच्यासाठीं दुसरा साचा करावा, तिसरा करावा, आणि ज्या दोनचार कोणत्याच साच्यांत बसत नाहींत, त्या हातानें लावाव्यात. हरवलेली चिठ्ठी आपण हरवल्याचें सांगत नसे; संगणकाला मात्र विचारलें असतां तो सांगतो. अट एवढीच कीं, विचारलें पाहिजे.

अर्थात्, जें ओळींत लिहिलेलेंच नाहीं तें कोणत्याहि साच्याला काढून देतां येत नाहीं. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ सालीं झाली, त्यावेळच्या मतदारयाद्यांची हकीकत ह्या दृष्टीनें विचार करण्याजोगी आहे. सुमारें ८ कोटि स्त्री-मतदारांपैकीं जवळजवळ २८ लाख स्त्रियांनीं नोंदणीच्या वेळीं आपलें स्वतःचें नांव सांगितलें नाहीं. अमक्याची पत्नी किंवा तमक्याची आई एवढेंच सांगितलें. हा प्रकार मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेश ह्या राज्यांतील होता. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन ह्यांनीं नांवाचा आग्रह धरला, आणि ज्या नोंदी दुरुस्त झाल्या नाहींत त्या अखेर वगळण्यांत आल्या. त्या स्त्रिया होत्या, त्यांच्या नोंदीहि होत्या. पण ओळीच्या ज्या जागीं नांव असावयास पाहिजे, ती जागा रिकामी होती. आज बहिणाबाई नथूजी चौधरी ही ओळ कोणत्याहि क्रमानें फिरवितां येते, ह्याचें कारण तिच्यांत बहिणाबाई हें नांव आहे. त्या स्वतः लिहूं-वाचूं शकत नव्हत्या. तरी त्यांचें नांव आणि त्यांचीं गाणीं इतरांनीं लिहून ठेवलीं, म्हणूनच हें शक्य झालें.

ह्या विद्येचा इतिहास ऐंशी वर्षांहून थोडा अधिक आहे. मज्जातंतूंच्या गणितांतून ती निघाली, एका तरुण अभियंत्यानें ती एडिटरमध्यें आणली, आणि आज कार्यालयांत, छापखान्यांत आणि घरोघरच्या संगणकांत ती कोणत्या ना कोणत्या रूपानें वावरत आहे. तिच्यामुळें नकलनविसाचे दिवसच्या दिवस वांचले, ही मोठीच सोय झाली. परंतु नकलनवीस नक्कल करितां करितां एकेक ओळ वाचीत असे, आणि कांहीं विचित्र दिसलें कीं त्याची लेखणी आपोआप थबकत असे. यंत्राची लेखणी थबकत नाहीं. थबकण्याचें काम आतां आज्ञा करणाऱ्यानें स्वतः अंगावर घेतलें पाहिजे.

त्याची रीत मुनिमांना फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. खतावणी पुरी झाली म्हणजे मुनीम वही मिटीत नसे. कीर्दीची बेरीज आणि खात्यांची बेरीज ताडून पाहत असे. येथेंहि तोच ताळा आहे. आरंभीं ओळी किती होत्या त्या मोजाव्यात. हललेल्या किती आणि न हललेल्या किती, तेंहि मोजावें. दोहोंची बेरीज पहिल्या आंकड्याइतकी आली पाहिजे. नंतर न हललेल्या ओळी एकेक करून वाचाव्यात. त्या बहुधा थोड्याच असतात, आणि वाचावयास फार वेळ लागत नाहीं.